पाय आपटायला हिंगोलीला

हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात जपानी पद्धतीने नट घडवतात आणि ते बघायला मी चार दिवस जाणार आहे, असं सांगितल्यावर पुण्यातल्या माझ्या जुन्या कचेरीत दोन प्रश्न विचारले गेले. हिंगोलीतच का? आणि जपानी कशाला? विचारणाऱ्यांपैकी कुणी हिंगोलीला गेलेलं नव्हतं आणि जपानलाही नाही. मी जाऊन आले. पाहिलं ते क्रमाने लिहिते. ते कुणाला पटलंच पाहिजे असं नाही.

गुरुवार, आखाडा बाळापूर

नांदेडहून हिंगोलीला जाणारी एसटी बाळापूरला थांबते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळद निघत होती. पाला कापलेली रानं, उकरलेल्या कंदांचे ढीग, मध्येच वाफ सोडणारा शिजवणीचा कुकर. शिजत्या हळदीचा वास स्वयंपाकघरातल्या हळदीसारखा नसतो. ओली माती आणि औषध एकत्र उकळल्यासारखा असतो. दुसऱ्या दिवसापासून तो मला येईनासा झाला, म्हणजे कपड्यांत बसला.

मिलिंद सर मोटारसायकल घेऊन आले होते. वय पन्नासच्या आसपास, अंगाने किरकोळ. बाळापूरला त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. नाट्यशास्त्र शिकले, काही वर्षं रंगभूमीवर काढली आणि मग दोनदा, सहा-सहा महिने, जपानमधल्या एका दिग्दर्शकाकडे राहून आले. या दिग्दर्शकाने ऐन भरात असताना राजधानी सोडली आणि डोंगरातल्या एका बर्फाळ खेड्यात, शेतकऱ्यांच्या जुन्या घरांत आपली नाटकमंडळी वसवली. सर परत आले तेव्हा मुंबईला न जाता गावी का आले, हे मी विचारलं.

"ते डोंगरात जाऊ शकतात, तर मी बाळापूरला काहून येऊ नये?" ते म्हणाले. मग माझ्या बुटांकडे बघून, "हे काढायची तयारी ठेवा."

खेडं बाळापूरपासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. सरांच्या गटात सात जण आहेत, चार बाया आणि तीन पुरुष. दिवसभर सगळ्यांना कामं असतात, म्हणून तालीम संध्याकाळी पाचला. जागा गोविंदरावांच्या दारापुढची. गोविंदराव हे सहा एकरांचे शेतकरी. त्यांनी हळद वाळवायला सिमेंटचा मोठा ओटा बांधून घेतला आहे. गावात सपाट आणि टणक जमीन एवढीच. त्यांची सून सविता या गटात आहे आणि रविवारी हिंगोलीला व्हायच्या नाटकाचं शेवटचं, सगळ्यात मोठं भाषण तिचं आहे.

तालमीचं वर्णन करते. सात जण अनवाणी, रांगेत, गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून उभे राहतात. छोट्या स्पीकरवर संगीत सुरू होतं. मग ते पाय उचलून जमिनीवर आपटतात. एकसारखे, एका तालात, पूर्ण जोराने, तीन मिनिटं. अट अशी की कमरेच्या वर काहीही हलायचं नाही. खांदा उडता कामा नये, मान लवता कामा नये. संगीत थांबलं की सगळे कोसळतात, अंगातला जीव काढून घेतल्यासारखे. मग दुसरं, संथ संगीत लागतं, आणि त्यावर ते इतक्या सावकाश उठतात की नेमके कधी उठले ते सांगता येत नाही. उठून चालत पुढे येतात, थांबतात आणि बोलतात. बोलताना धाप ऐकू आली तर सर हात वर करतात. पुन्हा पहिल्यापासून.

मीही उभी राहिले. चाळीस सेकंदांनी डाव्या गुडघ्याने नकार दिला आणि मी ओट्याच्या कडेला बसले. गटातले युनूसभाई, बाळापूरचे शिंपी, मला पाणी देत म्हणाले, "टेन्शन नको घेऊ मॅडम. मैं तो पहले दिन घर जाके बीवी को बोला, मेरे पाँव किसीने चोरी किये."

पुण्यात माझ्या सोसायटीत हे केलं असतं तर पहिल्या मिनिटाला खालच्या मजल्यावरून माणूस वर आला असता.

जपानमध्ये हा सराव अंगठा वेगळा असलेले मोजे घालून करतात. सरांनी तिकडून एक जोड आणला होता. युनूसभाईंनी तो समोर ठेवून पांढऱ्या मांजरपाटाचे सात जोड शिवले. पहिल्या दिवशी गावातली म्हातारी माणसं बघायला जमली आणि "बकरीचे खूर, बकरीचे खूर" म्हणून हसली. दुसऱ्या दिवशी मोज्यांवर हळदीची पूड बसली, तिसऱ्या दिवशी दोघे घसरून पडले. चौथ्या दिवशी सविताने आपले मोजे काढून ओट्याच्या कठड्यावर ठेवले आणि तशीच उभी राहिली. पाचव्या दिवशी सगळे अनवाणी होते.

शुक्रवार, ओटा

माझा मुक्काम गोविंदरावांकडेच होता. सकाळी सविताने ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ओल्या हळदीची भाजी वाढली. ही भाजी मी पहिल्यांदाच खाल्ली. तुपात बराच वेळ परतलेली, कडवट, गरम. बोटं दोन दिवस पिवळी राहिली.

सविता बत्तीस वर्षांची. दहावी झालेली, दोन लेकरं शाळेत जाणारी. नवरा माधव टेम्पो चालवतो आणि फार बोलत नाही. मी तिला विचारलं, सगळ्यात अवघड काय गेलं?

"उकिडवं बसायला काहीच न्हाई वाटलं. खुरपताना दिवसभर तेच करतो आमी. सर म्हणले, शहरातल्या पोरींना हे यायला सहा महिने लागतात. मला हसू आलं." ती भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत. "पण उठताना मान वर ठिवा म्हणले. समोर बघा म्हणले, तिथं कुणीतरी हाय असं समजून त्याच्या डोळ्यात बघा. ताई, मला रडू आलं. मी म्हणलं सर, पाय मोडून घ्या माझे, पण हे न्हाई जमत."

"मग?"

"दारातल्या त्या लिंबाच्या झाडाकडं बघायला लागले. चार महिने लिंबाकडं. मग माणसाकडं."

या शिक्षणाची मूळ कल्पना सरांनी मला अशी सांगितली. माणसाने आपली कामं एकेक करून यंत्रांना दिली. चालणं गाडीला, आवाज माईकला, बघणं पडद्याला. शरीराचे तुकडे वेगवेगळे काम करायला लागले. नटाने ते पुन्हा एकत्र आणायचे, आणि त्याची सुरुवात पायापासून, कारण जमिनीला टेकलेलं तेवढंच असतं. पाय जमिनीवर कसा पडतो त्यावर आवाज ठरतो. पाय आपटायचा तो रागाने नाही. खालून येणारा जोर वरच्या अंगाने अडवायचा, त्याच्यावर स्वार व्हायचं, म्हणून.

मला हे नीट कळलं. पण या गावात पाय आपटण्याला आधीपासून एक अर्थ आहे आणि तो जपानमधून आलेला नाही. पाय आपटत चालू नको, हे इथल्या प्रत्येक पोरीला चालायला लागल्यापासून ऐकवतात. मलाही ऐकवलं होतं. पुणंही त्याला अपवाद नाही. पाय आपटणारी मुलगी म्हणजे रुसलेली, उद्धट, सासरी न टिकणारी. सुनेने सासऱ्यासमोर पाय आपटणं म्हणजे भांडण न करता केलेलं भांडण.

गोविंदरावांनी ओटा दिला तेव्हा त्यांना वाटलं होतं की नाटक म्हणजे भाषणं. गेलं वर्षभर ते संध्याकाळी पाचला मारुतीच्या पारावर जाऊन बसत, त्यामुळे त्यांनी तालीम पाहिलेली नव्हती. शुक्रवारी पाहिली. शिजवलेल्या हळदीची पहिली गाडी घेऊन ते साडेपाचला आले, तेव्हा सविता अगदी पुढे होती, तोंड रस्त्याकडे.

ते टेम्पोतून उतरले. तीन मिनिटं संपेपर्यंत उभे राहिले. मग सरांना म्हणाले, "सर, ओटा रिकामा करा. माल आलाय."

"दहा मिनिटं, गोविंदराव. तिचं भाषण राहिलंय."

"भाषण ऱ्हाऊ द्या. पाय आपटणं झालं ना? सगळ्या गल्लीनं पाहिलं. घरातली सून माझ्या तोंडावर पाय आपटून राहिली, आन् मी उभा राहून बघून राहिलो." आवाज चढलेला नव्हता. "रविवारी ती येणार न्हाई. हळद पडलीय."

त्यांनी आणि माधवने मिळून ओट्यावर हळद पसरली. कडेपासून कडेपर्यंत, पाऊल ठेवायला जागा राहू नये अशी. वाफ निघत होती. गट पांगला. सविता आत गेली आणि तिने सगळ्यांसाठी चहा टाकला. गोविंदरावांपुढे कप ठेवताना तिने खाली पाहिलं नाही. मी समोर होते म्हणून सांगते.

शनिवार, औंढा नागनाथ

सकाळी सर मला औंढ्याला घेऊन गेले. तालीम नव्हती, आणि त्यांना बोलायचं होतं. देवळात सोमवार नसूनही गर्दी होती. सर मला रांगेत न नेता बाहेरून भिंतीपाशी घेऊन गेले.

"लोक मूर्तींचे चेहरे बघतात," ते म्हणाले. "तुम्ही गुडघे बघा."

मी पाहिले. खालच्या थरातले हत्ती, त्यांच्या वर माणसं. बऱ्याच मूर्तींचे चेहरे झिजलेले आहेत, काहींची नाकं नाहीत, पण वाकलेला गुडघा आणि जमिनीत रोवलेली टाच शाबूत आहे. चेहरा नसूनही माणूस काय करतोय ते कळतं. तिथे फुलं विकणारी एक बाई आमच्याकडे संशयाने बघत होती. "दर्शन बाहेरूनच घेता का?" तिने विचारलं. सरांनी बेलाची दोन पानं विकत घेतली आणि ती गप्प झाली.

शेंगदाण्याची चटणी आणि भजी खाताना सरांनी मुद्दा काढला. सभागृह मिळालेलं आहे. हिंगोलीत पहिल्यांदाच. सविता आली नाही तर नाटकच नाही, कारण धरणात गेलेल्या गावाची ही गोष्ट तिच्या भाषणावर संपते. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर एक बाई आपल्या बुडालेल्या घराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते आणि गावातल्या घरांची नावं घेते, एवढंच ते भाषण आहे.

"मी गोविंदरावांना सांगतो, पाय आपटायचा भाग काढून टाकला. ती बसून बोलेल. शाल घेऊन."

मी विचारलं, जपानच्या दिग्दर्शकांना हे चाललं असतं का?

"त्यांना सासरा नव्हता," सर म्हणाले. हसले नाहीत.

परत आलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ओट्यावरचं दृश्य मी नोंदवून ठेवलं आहे. पसरलेली हळद दिवसातून दोन-तीनदा हलवावी लागते, म्हणजे सगळीकडून वाळते. कुणी दाताळ्याने हलवतं, कुणी पायाने रेषा ओढत. सविता पायाने हलवत होती. पण ती नुसतं हलवत नव्हती. सरांच्या शिकवणीत घसटत्या पावलांची एक चाल आहे. तळवा जमिनीवरून उचलायचाच नाही, कंबर एका रेषेत ठेवायची, डोक्यावर पाण्याने भरलेला हंडा असल्यासारखं सरकायचं. ती त्या चालीने ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जात होती, तिच्या दोन्ही बाजूंना हळकुंडं सरकत होती, मागे सरळ चर उमटत होता, आणि ती मोठ्याने आपलं भाषण म्हणत होती. गोविंदराव बाजेवर बसून बघत होते. काम चालू होतं. बोलायला जागा नव्हती.

सर ओट्याच्या कडेला उभे राहिले. त्यांनी शाल आणि बसून बोलण्याचं सांगितलं. गोविंदराव म्हणाले, "आसं असंल तर जाऊ द्या तिला. बसून बोलली तर माझी तकलीफ न्हाई."

सर्वांना वाटलं, मिटलं. मलाही वाटलं.

"मी बसणार न्हाई," सविता म्हणाली. ती चालायची थांबली नव्हती.

"सविता, एवढ्या वेळेपुरतं..."

"सर, आवाज पायातून येतो हे कुणी शिकवलं? तुमीच ना? मग बसून कुठून आणू?" ती टोकाला पोचली, वळली. "ती बाई स्वतःच्या घरावर उभी हाय. घर पाण्याखाली गेलं व्हतं. ती शाल घेऊन बसंल व्हय? तुमी बसा सगळे. मी उभी राहते."

युनूसभाई दारात आले होते. "सर," ते म्हणाले, "तुमच्या हातून गेली ही. अब ये जपान से डायरेक्ट बोल रही है."

कुणी हसलं नाही, एक गोविंदरावांची बायको सोडून. तिने पदर तोंडाला लावला. गोविंदरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

सरांनी चपला काढल्या आणि ओट्यावर जाऊन, सविताच्या शेजारच्या रांगेने, त्याच चालीने हळद हलवायला लागले. शाल हा शब्द पुन्हा निघाला नाही. परवानगी मात्र आता राहिलेली नव्हती.

रविवार, हिंगोली

सविता पहाटे चारला उठली. हळद हलवली, स्वयंपाक केला, लेकरांच्या वेण्या घातल्या, दुपारपर्यंत हळद पुन्हा एकदा हलवली. एक वाजता तिने इस्त्रीची साडी नेसली. माधवने टेम्पो दारात आणून लावला. कुणी सांगितल्याचं मला दिसलं नाही. गोविंदराव दारात होते.

"जाऊन राहिली का?"

"व्हय, मामा."

"पाय आपटायला?"

"व्हय."

त्यांनी वाट अडवली नाही आणि सोडलीही नाही. ती त्यांच्या बाजूने, भिंतीला खांदा घासत बाहेर पडली.

हिंगोलीचं सभागृह बरं आहे. लाकडी मंच, निळा पडदा, चालू पंखे. आयोजकांपैकी एक गृहस्थ आम्हाला घ्यायला आले. त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि सरांना विचारलं, "कपडे बदलायचेत ना अजून? किमोनो वगैरे?"

"हेच कपडे आहेत," सर म्हणाले.

"पत्रिकेत आम्ही जपानी छापलंय."

"क्या है साहब," युनूसभाई म्हणाले, "जपानवाले बोलते, हमारी नक्कल मत करो. हम उनका ऐकून राहिले."

चारला नाटक सुरू झालं. निम्म्या खुर्च्या भरल्या होत्या. पाय आपटायला सुरुवात झाल्यावर तिसऱ्या रांगेतल्या दोन पोरांनी ताल धरून टाळ्या वाजवल्या, मग लाज वाटून थांबली. दुसऱ्या मिनिटाला आयोजक विंगेतून हाताने खूण करू लागले, हळू, हळू, मंच जुना आहे. सातही जणांच्या माना सरळ समोर होत्या. खूण कुणी पाहिली नाही, किंवा पाहिली आणि सोडून दिली. तीन मिनिटांनी सगळे कोसळले. धूळ उडालेली प्रकाशात दिसत होती.

सविता एकटी उठली. किती वेळ लागला ते मी मोजायचं ठरवलं होतं, मोजलं नाही. ती पुढे आली. आयोजकांनी माईकचा खांब तिच्यासमोर सरकवला. तिने तो एका हाताने बाजूला केला, बिछान्यावरची उशी बाजूला करावी तसा, आणि बोलायला लागली.

मी उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसले. हे तपासायलाच हवं होतं. प्रत्येक घराचं नाव मला तिथे ऐकू आलं. इनामदाराचं, कुंभाराचं, चांदबीचं, बौद्धवाड्यातल्या शेवटच्या घराचं. धाप नव्हती. नाव घेताना ती कुणाच्या तरी डोळ्यांत बघत होती आणि ज्याच्याकडे बघत होती तो प्रेक्षक खुर्चीत सरळ होत होता. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. एका नावाला ते "हाव" म्हणाले, हजेरी दिल्यासारखे. तसं नाव असलेलं घर त्यांच्या गावात होतं का, हे मी नंतर विचारायला गेले तर ते निघून गेले होते.

टाळ्या झाल्या. आयोजक सरांना म्हणाले, "चांगलं झालं. पण जपानी वाटलं नाही."

सरांनी त्यांचे आभार मानले.

सोमवार

रविवारी संध्याकाळी परतलो तेव्हा गोविंदराव जेवून झोपले होते. त्यांच्या बायकोने सविताला वाढलं आणि तिच्याजवळ बसून राहिली. "ऐकू आलं का गं सगळ्यांना?" एवढंच तिने विचारलं. सविता म्हणाली, "व्हय, आत्या."

माझी गाडी सोमवारी सकाळची होती. साडेसहाला मी पिशवी घेऊन बाहेर आले. सविताने ओट्याच्या एका कोपऱ्यातली हळद मागे ओढून चटईएवढी जागा मोकळी केली होती. तिथे ती उभी होती, संगीत नाही, गट नाही, आणि पाय आपटत होती. गल्लीतली दारं उघडत होती. बाजेवर बसलेले गोविंदराव दात घासत होते. त्यांनी चूळ भरली आणि मला हाक मारली.

"मॅडम, तुमी हे पेपरात लिवणार का?"

"लिहिणार."

"मंग बराबर लिवा. मला हे पटलेलं न्हाई. आजबी न्हाई."

"तसंच लिहीन," मी म्हणाले.

सविताची मान हलली नाही, नजर समोर होती, पाय पडत होते. त्यातच ती बोलली, आणि आवाजात धाप नव्हती.

"आन् हेबी लिवा ताई. मी थांबले न्हाई."

दोन्ही लिहिलं आहे.